वळवणचे पाणी आणि निबंधाची वही

दहावीच्या एकोणचाळीस वह्या घेऊन बसले होते. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान माझा विषय नाही. पण मराठीच्या तासाला निबंध असतो आणि निबंधाचा विषय दर वर्षी फिरून तोच येतो: ‘अपारंपरिक ऊर्जा : काळाची गरज’. एकोणचाळीसपैकी निम्म्याहून अधिक वह्यांत पहिले वाक्य एकच होते. कोळसा आणि पेट्रोल संपत चालले आहे, म्हणून आपण सूर्याकडे वळले पाहिजे. गाईड एकच असले की असेच होते. त्यानंतर हसरा सूर्य, फिरती पवनचक्की आणि शेवटी ‘चला तर मग, आपण सारे...’. मी बरोबरच्या खुणा करत गेले. अशा वह्या तपासायला सोप्या असतात, वेलांट्या तेवढ्या बघायच्या.

एका वहीत मात्र मध्येच चार ओळी वेगळ्या होत्या. मुलाचे वडील एका बंगल्याची राखण करतात. त्याने लिहिले होते, “आमच्या मालकाच्या बंगल्यावर पाणी गरम करायचा सोलर आहे. मालक महिन्यातून दोनदा येतात. बाकी दिवस गरम पाणी तसाच राहतो. आम्ही मागच्या खोलीत राहतो. अम्मी चुलीवर पाणी तापवते.” आणि लगेच पुढे गाईडचे वाक्य: “अशा प्रकारे सौर ऊर्जा सर्वांसाठी फायदेशीर आहे.”

मी ‘पाणी’च्या लिंगाखाली लाल रेघ ओढली (उर्दू मुलांची ही चूक ठरलेली, तिकडे पानी पुल्लिंगी). समासात ‘विषयांतर’ असे लिहिले आणि दहापैकी पाच गुण दिले. रात्री भांडी घासताना ते चार ओळींचे विषयांतर डोक्यातून जाईना. एकोणचाळीस मुलांत विषयावर लिहिणारा तो एकटाच होता.

हा लेख त्या लाल रेघेबद्दल आहे.

शब्दांपासून सुरुवात करते, कारण तेवढेच माझ्या हक्काचे. ‘अपारंपरिक’ म्हणजे परंपरेत नसलेले. आता सांगा, पापड, सांडगे, सुकी मासळी, मिरच्या, ओले कपडे, हे सगळे उन्हावर वाळवणारी माझी नानी कोणती परंपरा मोडत होती? कोळशाची वीज आपल्याकडे येऊन शंभर-सव्वाशे वर्षे झाली, तर ती पारंपरिक, आणि ऊन अपारंपरिक. मुले हा शब्द पाठ करतात, त्यांना तो कधी खटकत नाही. नंतर आलेला ‘नवीकरणीय’ जिभेवर वळत नाही, पण अर्थाने बरा. उर्दूत ‘काबिल-ए-तजदीद तवानाई’ म्हणतात. तजदीद हा शब्द आमच्या मुलांना वुजूमुळे माहीत असतो. वुजू असतानाही पुन्हा ताजा करणे म्हणजे तजदीद. हे सांगितले की वर्गात दोन-चार डोळे लकाकतात. मला सगळ्यात धास्ती वाटते ती तिसऱ्या शब्दाची: अक्षय ऊर्जा. कधीही न संपणारी. ऐकायला गोड, पण हा शब्द वापरला की एक प्रश्न विचारायचा राहून जातो. संपणार नाही हे ठीक, पण ती कोणाच्या जमिनीवरून, कोणाच्या वाट्याच्या पाण्यातून येते? आणि हा प्रश्न मावळातल्या मुलाने नाही विचारायचा तर कोणी?

कारण हसऱ्या सूर्याचे चित्र काढणारी ही मुले ज्या गावात राहतात, तिथे नवीकरणीय ऊर्जा शंभर वर्षांपूर्वी आली आहे. आमची निम्मी मुले रोज वळवण धरणाच्या बाजूने ये-जा करतात. मी वर्गात विचारले, हे धरण कशासाठी आहे? पहिले उत्तर, “पीने के पानी के लिए.” दुसरे, “टूरिस्ट के लिए.” तिसरा म्हणाला, “टाटा का है.” टाटांचे आहे, पण कशाला? गप्प. जलविद्युत म्हटले की हीच मुले कोयना आणि टिहरीची नावे धडाधड सांगतात.

तर थोडा इतिहास. उद्योजक जमशेदजी टाटांच्या मनात सह्याद्रीच्या पावसातून वीज काढायची योजना होती. ते १९०४ मध्ये वारले. त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी ती पुढे नेली. १९१० मध्ये कंपनी उभी राहिली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू होऊन वीज मुंबईच्या कापड गिरण्यांकडे निघाली. लोणावळा, वळवण, शिरोता या तलावांचे पाणी डोंगराच्या कडेपर्यंत आणायचे, तिथून पोलादी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली सोडायचे आणि त्या धारेने चाके फिरवायची. पुढे आमच्याच तालुक्यात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले आणि त्याच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईला त्या काळी मिळालेली ही स्वच्छ वीज. ‘हरित ऊर्जा’ हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी.

हे सांगून झाल्यावर मी आमच्या विज्ञानाच्या सरांना वर्गात बोलावले, कारण पुढचा भाग माझ्या आवाक्यातला नव्हता. त्यांनी फळ्यावर एकच सूत्र लिहिले, जे मुलांनी नववीत स्थितिज ऊर्जेच्या धड्यात पाठ केलेले असते: वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. एक हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. ते पाचशे मीटर खाली पडले तर १००० × ९.८ × ५००, म्हणजे ४९ लाख ज्यूल. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे हजार लिटरमागे १.३६ युनिट. घर्षणात आणि यंत्रांत थोडे जाते, तेव्हा सव्वा युनिटच्या आत धरू. आपल्या घरातला ७५ वॅटचा पंखा एका युनिटमध्ये साधारण तेरा तास चालतो.

मग एका मुलीने विचारले, शाळेच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी सोडले तर? सर खूश. टाकी जमिनीपासून दहा मीटर उंच धरली. हजार लिटरचे ९८ हजार ज्यूल. एक युनिट मिळवायला ती टाकी सदतीस वेळा भरून रिकामी करावी लागेल, आणि भरायला मोटर चालवावी लागेल ती वेगळीच. वर्ग खो खो हसला. पण त्या हसण्यात मुलांना सह्याद्रीचा कडा म्हणजे काय चीज आहे ते कळले. पाऊस पुष्कळ ठिकाणी पडतो. पाऊस आणि पाचशे मीटरचा कडा शेजारी शेजारी असणे, हे लोणावळ्याचे भांडवल.

खोपोलीच्या केंद्राची क्षमता ७२ मेगावॅट आहे. ते पूर्ण चालले तर किती पाणी लागेल हे पोरांनी स्वतःच काढले. सेकंदाला सोळा-सतरा हजार लिटर. “टीचर, डेढ़ टँकर! एक सेकंद में!” ज्याने हे ओरडून सांगितले त्याच्या मोहल्ल्यात मे महिन्यात टँकर येतो. तो दोन क्षण थांबला आणि मग त्याने विचारले, “और वो पानी जाता किधर है?”

गणिताच्या तासाचा इथे भूगोल झाला. इंद्रायणी आमच्या लोणावळ्याजवळ उगम पावते. देहू-आळंदीमुळे तिचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मराठीच्या पुस्तकात संतांचे अभंग येतात तेव्हा मी मुलांना हमखास सांगते, ही आपली नदी. ती पूर्वेला जाते, भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. पण तिचे जे पाणी वळवणला अडते आणि नळांतून खोपोलीला उतरते, ते पाताळगंगेत जाऊन अरबी समुद्राची वाट धरते. नकाशावर बोट फिरवले की मुलांना चटकन कळते, एकाच डोंगरावरचा पाऊस दोन समुद्रांत कसा वाटला गेला. टाटांच्या सगळ्या धरणांतून असे पश्चिमेला वळवले जाणारे पाणी वर्षाला बेचाळीस टीएमसीच्या घरात आहे. सोलापूर-मराठवाड्यात दुष्काळ पडला की हे पाणी पूर्वेला सोडा अशी मागणी दर वेळी उठते. दुसरी बाजूही आहे. वीज करून सोडलेले हेच पाणी खाली कोकणात पिण्याला आणि कारखान्यांना लागते. मी मुलांना निकाल सांगितला नाही, तो मला येतही नाही. पण ‘अक्षय’ या शब्दाभोवती फळ्यावर गोल काढला आणि तास संपला.

पुढच्या तासाला मी ठरवून मुळशीकडे वळले. आमच्या शेजारचा तालुका. तिथे मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधायचे ठरले तेव्हा पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. स्त्रिया, मुले मांडवात आणि कामाच्या जागी आडवी झाली, तुरुंगात गेली. तीनेक वर्षे चालून लढा मोडला, धरण झाले. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहावर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिले आहे, शिक्षकांनी तरी ते वाचावे. मला त्यातली एक गोष्ट मुलांना समजावून सांगावीशी वाटते. कसणारे मावळे एक होते आणि कागदावरचे सावकार-मालक पुष्कळदा पुण्यात होते. मोबदल्याची बोलणी झाली तेव्हा हा फरक किती महागात पडतो ते दिसले.

मुलांना हा विषय जड जाईल अशी मला भीती होती. झाले उलटे. पवना धरणाच्या बाजूच्या गावातून एक मुलगा आमच्याकडे येतो. तो म्हणाला, “टीचर, आमच्या शेजारच्या काकांची जमीन पण पाण्यात आहे. ते अजून कचेरीत जातात.” पवना धरण १९७० च्या दशकातले, ते सिंचनाचे आणि पिण्याच्या पाण्याचे. विस्थापितांचे पुनर्वसन अजूनही पूर्ण झालेले नाही. त्या धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, गोळीबार झाला आणि तिघे गेले. माझ्या वर्गातल्या मुलांचा तेव्हा जन्म नुकता झालेला किंवा व्हायचा होता. त्यांच्या घरी मात्र तो दिवस सगळ्यांना आठवतो.

इथे माझे काही सहकारी मला थांबवतात. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “अहो, सौर ऊर्जेचा धडा आहे, तुम्ही गोळीबारापर्यंत कुठे पोचलात? मुलांना धरणाविरुद्ध करायचे आहे का?” दुसरे म्हणाले, “आपल्या शाळेने असल्या भानगडीत पडू नये.” ‘आपल्या’ या शब्दावर किती वजन होते ते इथल्या मुस्लिम वाचकाला सांगायला नको. हा दुसरा आक्षेप मला जास्त लागला. मुळशीत काय झाले हे उर्दू शाळेतल्या मुलांचे नाही, दुसऱ्या कोणाचे आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. माझे म्हणणे असे की मावळचा इतिहास मावळात राहणाऱ्या प्रत्येक मुलाचा आहे. ज्या पाण्याने आमच्या मशिदीत वुजू होतो ते याच डोंगरावरून येते.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर जरा सावकाश द्यावे लागते, कारण त्यात तथ्य आहे. दहावीच्या विज्ञानात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हे चांगले प्रकरण आहे. जलविद्युतच्या तोट्यांत विस्थापनाचा उल्लेखही आहे. मुले तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. मुलांना नवीकरणीय ऊर्जेविरुद्ध करायचे माझ्या स्वप्नातही नाही. कोळशाची राख ज्यांच्या विहिरीत उतरते त्या चंद्रपूरकरांना विचारा. वीज सूर्याची, वाऱ्याची, पाण्याचीच व्हायला हवी. पण चांगल्या गोष्टीची किंमत कोण मोजतो हे लपवून ती शिकवली, की मूल एक तर भाट होते किंवा मोठेपणी सत्य कळल्यावर सगळ्यालाच खोटे म्हणते.

शिवाय हा फक्त जुना इतिहास नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी २८०० मेगावॅटच्या दोन उदंचन प्रकल्पांचा करार केला. एक हजार मेगावॅट भिवपुरीला आणि अठराशे मेगावॅट शिरोत्याला, म्हणजे आमच्या उशाशी. उदंचन म्हणजे काय हे मुलांना टाकीच्या उदाहरणामुळे लगेच कळले. दुपारी सौर वीज जास्त होते तेव्हा तिच्यावर पंप चालवून खालचे पाणी वर चढवायचे, संध्याकाळी दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. वर चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, काही भाग गमवावाच लागतो. तरी सूर्य मावळल्यावर सौर वीज वापरायचा हा एक खात्रीचा मार्ग. म्हणजे डोंगर पाण्याची बॅटरी होणार. शंभर वर्षांपूर्वीचा तलाव आणि आजचे सौर पॅनेल इथे एकत्र येतात. देशातल्या कुठल्याही शाळेने हेवा करावा असा धडा आमच्या खिडकीतून दिसतो, आणि आम्ही गाईडमधला हसरा सूर्य उतरवून घेतो.

या प्रकल्पात आमच्या मुलांपैकी कोणी कामाला लागेल, कोणी शेजारी म्हणून धूळ खाईल, कोणाच्या ओळखीच्याची जमीन जाईल. ग्रामसभेत कागद वाचला जाईल तेव्हा ‘मेगावॅट’, ‘बाधित क्षेत्र’, ‘मोबदला’ हे शब्द समजणारे कोणीतरी तिथे बसलेले हवे. मराठी शिकवते म्हणजे मी दुसरे काय करते?

आता घरच्या छताविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या यंत्रणेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान. एका किलोवॅटला आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. म्हणजे एका किलोवॅटचे पॅनेल दिवसभरात जे करते, ते करायला साडेतीन हजार लिटर पाणी घाट उतरावे लागते. मुलांनी हे फार मन लावून वहीत लिहून घेतले. मी गृहपाठ दिला: घरचे वीजबिल आणा. एकोणचाळीसपैकी सतरा मुलांनी आणले. बाकीच्यांकडे बिलच नव्हते, कारण मीटर घरमालकाच्या नावावर. काही जण युनिटमागे मालक सांगेल तो दर देतात. ज्यांचे छत स्वतःचे नाही, ज्यांच्या घराच्या कागदांवर आजोबांचे नाव आणि वारस अकरा, त्यांना ते अनुदान कसे मिळणार? वहीत चार ओळी लिहिणारा तो मुलगा याच बाकीच्यांत होता.

ज्या सतरा जणांकडे बिले होती त्यांच्याकडून आम्ही ती मोठ्याने वाचून घेतली. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क. मराठीचा याहून उपयोगी पाठ मी वर्षभरात घेतला नसेल. एका मुलीने पहिल्यांदाच पाहिले की शंभर युनिटच्या पुढे दर कसा उडी मारतो. घरी जाऊन तिने अब्बांना इस्त्रीवरून सुनावले म्हणे. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, मला वाटले भांडायला. ते बिल घेऊन आले होते, त्यांना थकबाकीचा रकाना समजून घ्यायचा होता.

लोणावळ्याची अडचण वेगळीही आहे. इथे पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात. जुलैत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, धुके खिडकीतून घरात येते. पॅनेल तेव्हा फार थोडे देते, पण तेव्हाच तलाव भरत असतात. ऊन असते तेव्हा पॅनेल, ढग असतात तेव्हा पाणी. हे एका मुलाने माझ्या आधी बोलून दाखवले. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचणात ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ असे लिहायला लावायचे. वीस वर्षे मी ते लिहीत आले, करून पाहिले ते आत्ता.

जमातीतही विषय निघाला. मशिदीचे छत मोठे, सावली नाही, वापर मुख्यतः पंखे, दिवे आणि पाण्याची मोटर. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीने अलीकडच्या नूतनीकरणात छतावर सौर पॅनेल बसवले, त्याचा फोटो कोणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवला आणि तरुण मंडळींनी उचलून धरला. वयस्कर मंडळी म्हणाली, आधी गळणारा पत्रा बदला. वयस्करांचे बरोबर होते. गळक्या पत्र्यावर पॅनेल बसवणे म्हणजे पुढच्या वर्षी दुप्पट खर्च. मी बाईमाणूस, त्या बैठकीत नव्हते. पण महिन्याच्या युनिटांचा तक्ता माझ्याच दोन विद्यार्थ्यांनी करून दिला होता आणि तो भिंतीवर लागला आहे. त्यातून एक गोष्ट बाहेर आली. सर्वांत जास्त वीज खाणारी वस्तू वरच्या टाकीची मोटर आहे आणि ती टाकी भरून वाहत राहते. उधळपट्टीला आमच्याकडे इसराफ म्हणतात, त्यावर बयान कितीदा ऐकले असेल. मोटरला तरंगता बॉल बसवायला साडेतीनशे रुपये लागले.

रोजगाराचेही बोलायला हवे. आमच्या मोहल्ल्यातले कितीतरी मुलगे वायरिंग, एसी, मोटर रिवाइंडिंगच्या कामात आहेत. हात चांगला, कागद नाही. सौर यंत्रणा बसवण्याच्या प्रशिक्षणासाठी केंद्राचा ‘सूर्यमित्र’ कार्यक्रम २०१५ पासून आहे. आयटीआय झालेल्या मुलाला तो उपयोगी पडतो. पण दहावी नापास होऊन दुकानात लागलेल्या मुलापर्यंत ही खबर पोचत नाही. शाळेने फलक लावायला काय हरकत आहे? खर्च एका कागदाचा.

आणखी एक सांगायचे राहिले. वर्तमानपत्रात २०२५ च्या मध्यात बातमी आली की देशाच्या एकूण वीज क्षमतेपैकी निम्मी आता कोळसा, वायू, तेल यांच्याशिवायची आहे. एका मुलाने कात्रण आणले आणि म्हणाला, आपला निबंध जुना झाला. मी त्याला ‘क्षमता’ आणि ‘निर्मिती’ या दोन शब्दांतला फरक शोधायला लावला. त्याचे उदाहरण असे: “माझी क्षमता रोज पाच नमाजांची आहे, निर्मिती दोनची.” देशाची प्रत्यक्ष वीज अजून बहुतांश कोळशातूनच येते हे त्या वर्गाला आता कोणी समजावून सांगायला नको.

या वर्षी मी निबंधाचा विषय बदलला: ‘वळवणचे पाणी कुठे जाते?’ गाईडमध्ये हा नाही, त्यामुळे पालकांचे दोन फोन आले. बोर्डात हे येणार आहे का? नाही येणार. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणी विषय आहे, त्याच्या प्रकल्पात मी हे बसवले आणि हेडमास्तर सरांनी सही केली.

ज्या मुलाला मी पाच गुण दिले होते, त्याची जुनी वही मी परत मागितली. ‘विषयांतर’ खोडले, पाचाचे आठ केले आणि खाली सही-तारीख घातली. ‘पाणी’खालची रेघ तशीच ठेवली, चूक ती चूकच. त्याने विचारले, “टीचर, अब क्यूँ बढ़ाए?” मी म्हटले, तेव्हा मला धडा येत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर खोपोलीला जायचे ठरले आहे. गावात उतरून मागे डोंगराकडे पाहिले की वरून येणारे जाड नळ दिसतात, तेवढे दाखवायचे आणि पाताळगंगेच्या काठी डबे खायचे. एस.टी.ने जायचे. बायका-मुलींना अर्धे तिकीट, मुलग्यांना पूर्ण. यावर मुलग्यांनी आधीच तक्रार नोंदवली आहे, लेखी, मराठीत, आणि अर्जात शुद्धलेखनाची एकच चूक आहे.